उलटा फिरणारा वायू

९ ऑगस्ट, वेधशाळेची छावणी, सान पेद्रोच्या वर, उत्तरेच्या वाळवंटात

आणि ती फळी मी मुद्दाम सोडली नाही. लाँचमध्ये चढतानाही मी हे तुम्हाला ओरडून सांगितलं होतं. इंजिनाच्या धडधडीत तुम्हाला ऐकू आलं नसेल, किंवा आलं असेल आणि तुम्ही नेहमीसारखे समुद्राकडे तोंड करून उभे राहिला असाल. वाकवण्यासाठी वाफेच्या पेटीत तापवून काढलेली सायप्रसच्या लाकडाची फळी किती चटके देते ते मी तुम्हाला शिकवायला नको, चाळीस वर्षं होड्या बांधताय. माझा हातमोजा फाटका होता. फाटका हातमोजा मला कोणी दिला? तुम्ही. फळी सुटली, उसळली, तुमची दोन बोटं मोडली, याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही बेटभर सांगत सुटलात की नोल्बेर्तोने बापावर राग काढला, हे बरोबर नाही बाबा.

फोन करत नाही, कारण माझा नंबर दिसला की तुम्ही उचलत नाही. पत्र निदान लाँचवाला हातात ठेवेल.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तीन वर्षांत तुम्ही एक खिळा ठोकला नाहीत. मी म्हणायचो, चला, लहानशी होडी तरी बांधू. तुम्ही म्हणायचात, ‘हात गेला रे माझा.’ आणि पलीकडच्या बेटावरून ती ओदिलिया, तुम्ही मानाने ‘दोन्या’ म्हणता ती, खायच्या सुक्या शिंपल्यांच्या माळा विकायला काय आली, दोन महिन्यांत तुमचा हात परत आला! सात मीटरची होडी! तिला लग्न करून आणायला! आणि तिची ती पोरगी आईच्या खुर्चीवर पाय हलवत बसते, तिचे पाय जमिनीला टेकतसुद्धा नाहीत.

जेवताना मी जे बोललो ते बोललो. वाळल्या खोडाला पालवी फुटत नसते, ही बाई छपरासाठी आली आहे, असं. जरा जास्त झालं असेल. खोटं होतं असं मला अजून वाटत नाही.

काम बरं आहे. पाच हजार मीटरवर पन्नासेक मोठाल्या पांढऱ्या तबकड्या आहेत, त्यांनी आकाशाचं ऐकतात. बघत नाहीत, ऐकतात. मी फेर्मिन मिस्त्रींच्या हाताखाली आहे. त्या तबकड्यांची यंत्रं थंड ठेवणाऱ्या कॉम्प्रेसरची देखभाल आमच्याकडे. आठ दिवस काम, सहा दिवस सुट्टी. वर जाताना रोज सकाळी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघतात. जास्त भरला तर खाली बसून बटाटे सोला. माझा पहिल्या आठवड्यात तीनदा भरला. आपल्या चिलोए बेटाचं नाव ऐकून नर्स म्हणाली, ‘एवढा कशाचा राग आहे रे तुला, चिलोएकरा?’

उत्तर पाठवा असं मी म्हणत नाही.

नोल्बेर्तो


६ सप्टेंबर

बाबा,

उत्तर आलं, पण त्या पोरीच्या अक्षरात. तुमची बोटं अजून बांधलेली आहेत म्हणून ती लिहिते, असं तिनेच लिहिलंय. आणि काय काय लिहिलंय तिने! तुम्ही वाचून बघितलंत तरी का? ‘ते म्हणतात पगार किती ते विचार. मग म्हणतात विचारू नको. ते म्हणतात तुला थंडी वाजते का. मग म्हणतात हे खोड.’ खोडलंय तिने एका रेघेनं, सगळं वाचता येतं. खाली सही: ‘यास्ना, वय आठ, तुमची अजून कोणी नाही.’

हे शेवटचं तुम्ही सांगितलंत की तिनेच लिहिलं?

पगार बरा आहे. थंडी वाजते.

इथे जेवणघरात एक डॉक्टरीणबाई आमच्या टेबलावर येऊन बसतात. सुया टोचणाऱ्या डॉक्टर नव्हेत, आकाशाच्या. लोरेतो नाव. बाकीचे शास्त्रज्ञ खिडकीपाशी इंग्रजीत जेवतात, ही बाई फेर्मिन मिस्त्रींशेजारी बसून भाकरीने ताट पुसते. मी विचारलं, इतक्या तबकड्या लावून तुम्ही ऐकता तरी काय? त्या दिवशी मसुराचं कालवण होतं. त्यांनी चमच्यातून एक मसूर उचलला, कडेवर उभा धरला आणि म्हणाल्या, ‘ही बघ माझी म्हातारी.’

त्यांची म्हातारी म्हणजे एक दीर्घिका. अब्जावधी ताऱ्यांचा घोळका, मसुरासारखा मधे फुगीर आणि कडेला पातळ. अशा दीर्घिका आणि दुसऱ्या अंड्यासारख्या लांबट गोल, यांना शास्त्रज्ञ म्हाताऱ्या म्हणतात. सगळे तारे जुने, तांबूस. नवा तारा व्हायला गार वायू लागतो, खूप गार, आणि तो यांच्यात उरलेलाच नसतो. वापरला, उडाला, संपला. पुस्तकात लिहून टाकलं होतं: मेलेल्या.

मी म्हणालो, ‘मग मेलेल्यांचं काय ऐकता?’

तर फेर्मिन मिस्त्री म्हणाले, ‘बाईंना लग्न नाही, पोरं नाहीत, मेलेल्या म्हाताऱ्यांवर जीव. तू जेव.’

डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की मसूर उडून मिस्त्रींच्या मिशीत गेला.

मोडलेल्या बोटांना कसल्यातरी कडू पाल्याचा लेप लावतात म्हणे इकडचे लोक. पाठवू का?

नोल्बेर्तो


११ ऑक्टोबर

यास्ना,

हे पत्र तुझ्यासाठी आहे. मोठ्याने वाचू नकोस. वाचायचंच तर बाबा पलीकडच्या खोलीत करवत चालवत असतील तेव्हा वाच.

तुझ्या पत्रात सात प्रश्न आहेत. मी सहावीत शाळा सोडली, मला सात प्रश्न एका पत्रात कोणी विचारले नव्हते. जमतील तेवढे घेतो.

हो, इथे जिकडेतिकडे लाल दगड आहेत. नाही, समुद्र दिसत नाही. फेर्मिन मिस्त्री तबकडीचा दरवाजा उघडण्याआधी जमिनीवर थोडी वाईन ओततात आणि डोंगराला म्हणतात, ‘आलो बरं का, धाकट्याला ओळखतोस ना?’ धाकटा म्हणजे मी.

म्हातारी मेलेली असेल तर तिच्यात ऐकायला काय उरतं, हा तुझा चौथा प्रश्न. हाच मी डॉक्टरीणबाईंना विचारला. त्या म्हणाल्या, काहींत गार वायू असतो, पूर्वी कोणी नीट ऐकलंच नव्हतं. नीट ऐकल्यावर दहा म्हाताऱ्यांतल्या दोघींत तो निघतो. वायू स्वतः गप्प असतो. पण त्यात थोडा दुसरा वायू मिसळलेला असतो, शेगडी पेटवून खिडकी बंद केली की माणसाला मारतो ना, तोच. त्याची एक ठरलेली बारीक शीळ असते. ती ऐकली की कळतं, इथे गार वायू आहे.

आणि गंमत ऐक. डॉक्टरीणबाईंच्या म्हातारीतले सगळे तारे एका दिशेने फिरतात, आणि वायू उलट्या. दोन आठवडे त्यांना वाटलं, आपलंच चुकलंय, नकाशा डावा-उजवा झालाय. पूर्वी एकदा झाला होता म्हणे, तेव्हापासून त्यांची फजिती सगळ्यांना पाठ आहे. तीन वेळा मोजलं. बरोबरच होतं. जेवताना हे सांगत होत्या तर माझ्या तोंडून गेलं, ‘मग ते पाणी तिथलं नाही. बाहेरून आलंय.’ आपल्या खाडीत भरती आत शिरते तेव्हा काठाकाठाने पाणी उलटं वळतं की नाही? बाबांना विचार, ते दाखवतील. डॉक्टरीणबाईंनी चमचा खाली ठेवला. मला वाटलं आता शाबासकी. म्हणाल्या, ‘हे तीस वर्षांपासून माहीत आहे रे राजा. पण मला तीन वेळा मोजावं लागलं आणि तुला एकदाही नाही, याचा मला राग आलाय.’ आणि मला त्यांच्या वाट्याचं गोड दिलं.

म्हणजे शेजारची एखादी लहान दीर्घिका जवळ आली आणि तिचा वायू म्हातारीत आला. आता त्या वायूपासून म्हातारीच्या मधोमध नवे तारे होताहेत. थोडे. पण होताहेत.

तू सुकवलेल्या शिंपल्यांची माळ पोचली. खोलीतले सगळे म्हणतात समुद्राचा वास येतो. मी म्हणालो, नाही, घराचा येतो.

खुर्चीवर बस. मागच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकव, डुगडुगते ती.

नोल्बेर्तो


१५ नोव्हेंबर

बाबा,

एक गोष्ट झाली, ती तुम्हाला सांगायची आहे. यास्नाला हे पान वाचायला देऊ नका. तुमच्या बोटांची पट्टी सुटली असं ती म्हणते, तर हे तुम्ही स्वतः वाचा, चष्मा लावून.

मागच्या पाळीत वर गेलो तेव्हा खिशात यास्नाचं पत्र होतं. वाटेत गाडीतच फोडलं. तिने विचारलं होतं: ‘बाहेरच्या वायूपासून झालेले तारे म्हातारीचेच म्हणायचे का?’ बस्स, एवढंच. दुसरा प्रश्न नव्हता त्या पत्रात. मला एकदम चीड आली. कोणावर ते सांगता येत नाही. वर हवा पातळ असते, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली तरी माणूस अर्धाच शहाणा राहतो. मिस्त्रींनी मला सांगितलं, त्या तबकडीचा कॉम्प्रेसर बंद कर, तेल बघायचंय. मी शेजारच्या तबकडीचा बंद केला. दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, आकडा फक्त वेगळा. आकडा मी वाचलाच नाही. मनात तुमच्याशी भांडत होतो.

या तबकड्यांच्या आत एक कान असतो. तो शून्याच्या खाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर ठेवतात. कॉम्प्रेसर बंद पडला की तो तापायला लागतो. तापला की पुन्हा गार करायला दीड-दोन दिवस जातात. खालच्या खोलीत घंटा वाजली. खालून रेडिओवर विचारलं, कोणी बंद केला? कामाच्या चिठ्ठीवर मिस्त्रींचं नाव होतं. मिस्त्री माझ्याकडे बघत होते. मी बुटाची नाडी बांधत होतो.

तीन दिवस मी काही बोललो नाही. मिस्त्रीही नाहीत. साहेबाने त्यांना सगळ्यांसमोर सुनावलं, ‘चौदा वर्षं काम करून आकडे वाचता येत नाहीत?’ मिस्त्री म्हणाले, ‘येतात साहेब.’ एवढंच. माझं नाव घेतलं नाही. त्या तीन दिवसांत त्यांनी मला रोज सकाळी ‘धाकट्या, चल’ म्हणून हाक मारली, अगदी नेहमीसारखी. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं. त्या वेळी ऐकणं त्यांच्याच म्हातारीचं चाललं होतं. मला वाटलं, सापडलो. तर त्यांना मला पडदा दाखवायचा होता. मागे मी विचारलं होतं ना, म्हणून. गार कानांनी ऐकलेलं: एक सरळ रेघ आणि मधे छोटासा उंचवटा, त्यांची ती शीळ. आणि तापलेल्या कानाने ऐकलेलं: नुसती कुरतडलेली रेघ, वर-खाली, वर-खाली, उंचवट्याचा पत्ता नाही. मी म्हणालो, ‘हा बिघडला का?’

‘बिघडला नाही. गरम आहे. दोनशे पन्नास अंश खालचं काही ऐकायचं असेल तर कान त्याहून गार हवा. नाहीतर त्याला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू येतो.’

मी त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसलो. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला समजलं नाही, त्या पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. मी म्हणालो, ‘बाई, तो कॉम्प्रेसर मी बंद केला. मिस्त्रींनी नाही.’

त्या रागावल्या, पण कॉम्प्रेसरसाठी नाही. म्हणाल्या, ‘पन्नासात एक कान गेला तर माझी म्हातारी पळून जात नाही. ती कोट्यवधी वर्षं थांबली आहे. पण फेर्मिन तीन दिवस तुझ्यासाठी बोलणी खात होते आणि तू त्यांच्याच ताटातलं खात होतास?’

साहेबाकडे गेलो. आठ दिवसांचा पगार कापला, वर जाणं महिनाभर बंद. बटाटे सोलतोय. मिस्त्रींना सांगायला गेलो तर ते बूट घासत होते. वर न बघता म्हणाले, ‘वर हवा पातळ, डोकं पातळ, ते होतं रे. पण जीभ तर जाडच राहते ना? ती का नाही हलली?’ मग दुसरा बूट माझ्या हातात दिला. तो मी घासला.

बाबा, हातमोजा फाटका नव्हता.

चटका बसला नव्हता. फळी चांगली धरता येत होती. तुम्ही पलीकडच्या टोकाला शिकंजा आवळत होतात आणि गुणगुणत होतात. आई गेल्यापासून तुम्ही कधी गुणगुणला नव्हता. मला वाटलं, माझ्यासाठी नाही गुणगुणलात, तीन वर्षं मी होतो ना घरात, आणि मी हात सोडले. बोटं मोडतील असं वाटलं नव्हतं. फळी मोडावी एवढंच वाटलं होतं.

हे मी लिहिलंय आणि आता खोडणार नाही.

नोल्बेर्तो


१३ डिसेंबर

बाबा,

चार आठवडे झाले. यास्नाचंही पत्र नाही. तुम्ही तिला लिहू नको म्हणालात का? माझ्यावर रागवा, पण तिचा कागद बंद करू नका. तिला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही, आणि पोरीला उत्तराची वाट बघायला लावणं बरं नव्हे.

तिला एवढं वाचून दाखवा: मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, ते नवे तारे म्हातारीचेच का? त्या म्हणाल्या, जिच्याभोवती फिरतात तिचेच. दुसरी कोणतीही खूण आमच्याकडे नाही.

मिस्त्रींनी मला नाताळला त्यांच्या गावी बोलावलंय. मी हो म्हणालो नाही अजून.

नोल्बेर्तो


८ जानेवारी

बाबा,

तुमचं पत्र आलं. तुमच्या स्वतःच्या हातचं. मधलं बोट अजून सरळ होत नाही हे अक्षरावरून कळतं. चार ओळी लिहिल्यात, त्या मी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे मी बरोबर वाचल्या की नाही ते तुम्हाला समजेल.

‘पोरीला गोवर आला होता म्हणून पत्र नाही. आता बरी. हातमोजा मीच विकत आणला होता, फाटका नव्हता हे मला ठाऊक होतं. होडीची एकच फळी राहिली आहे.’

फक्त एवढंच. पण पत्राच्या मागे यास्नाने पेन्सिलीने जे लिहिलंय ते तुम्हाला माहीत नसेल, किंवा असेल आणि तुम्ही समुद्राकडे तोंड करून उभे राहिला असाल. तिने लिहिलंय की खाडीपलीकडचा रेमीखियो मजुरीवर फळी धरायला आला होता, तर तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. दोन्या ओदिलिया म्हणाली, ‘एवारिस्तो, एक फळी आहे, लावून टाका ना, लग्न मार्चमध्ये आहे.’ तुम्ही म्हणालात, ‘शेवटची फळी परक्याच्या हातून लावत नाहीत आमच्याकडे.’ ती म्हणाली, ‘मग मी धरते.’ तुम्ही म्हणालात, ‘तू धरशील गं, पण धरणाऱ्याची जागा ठरलेली आहे.’ आणि बाहेर निघून गेलात. यास्ना विचारते, ‘ती जागा कुणाची?’

हे पत्र मी जेवणघरात वाचलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, कांदा. समोर ताटात भात होता.

बाबा, ऐका. माझी पाळी २५ फेब्रुवारीला संपते. साहेबाकडून सहाऐवजी बारा दिवस मागून घेतले आहेत. बटाटे सोलण्यात गेलेल्या महिन्याचे वरचे तास भरून द्यायचे, ते मी मान्य केलं. बसने दोन रात्री, मग फेरीबोट, मग लाँच. एक मार्चला दुपारच्या लाँचने उतरतो. भरती बघून घ्या. फळी आदल्या दिवशी भिजत घाला. वाफेची पेटी मी आल्यावर पेटवू, घाई करू नका, तुम्ही नेहमी पाणी उकळायच्या आधी फळी आत सारता. आवळायला मी राहीन, धरायला तुम्ही. नाही, उलटं. धरायला मी. आवळताना गुणगुणलात तरी चालेल.

दोन्या ओदिलियाला सांगा, मी जेवताना बोललो ते मी तिच्यासमोर परत घेईन. पत्रात घेत नाही, तो पळपुटेपणा होईल. तिने मला तोंडावर चार शब्द सुनावले तर मी बुटाची नाडी बांधायला वाकणार नाही.

आणि यास्नाला सांगा, सहीत ‘तुमची अजून कोणी नाही’ लिहिते ती, त्याचा मला कंटाळा आलाय. ते आता बदल म्हणावं.

लग्नात नवरदेवाच्या मुलाने मेंढा द्यायचा असतो, याची मला कोणी आठवण करून द्यायला नको. एक पुरणार नाही, तिच्या बेटावरची सगळी माणसं येतील आणि ती खातात भरपूर, हे मी ऐकून आहे. दोन घ्या, चांगले, दात बघून. टपालातून एक लाख चाळीस हजार पेसो पाठवतो आहे.